पेशीतले ‘पिनकोड’ लिहून ठेवणारी वही कोण सांभाळतं? आणि ती बंद पडली तर?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत एक घोषणा झाली. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर भारतीय शास्त्रज्ञांनी जनुक-संपादनाची एक उपचारपद्धती तयार केली आहे आणि तिचं नाव ‘बिरसा १०१’. सीएसआयआरच्या आयजीआयबी या दिल्लीतल्या संस्थेत तिचा विकास झाला आणि पुढच्या उत्पादनासाठी तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आलं.

महाराष्ट्रासाठी ही बातमी लांबची नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांतल्या आदिवासी कुटुंबांना सिकलसेल हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. याच आजारावर ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘कॅसजेव्ही’ या उपचाराची अमेरिकेतली किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. त्यामुळे स्वदेशी, स्वस्त ‘जनुकीय कात्री’ची चर्चा सोशल मीडियावर होणं साहजिक होतं.

त्या चर्चेत एक गोष्ट मात्र कुठेच आली नाही. ही कात्री म्हणजे कॅस९ नावाचं प्रथिन, आणि ते मूळचं जीवाणूंचं. जीवाणूच्या पेशीला केंद्रकच नसतं. त्यामुळे माणसाच्या पेशीत सोडलेल्या या कात्रीला आपण कुठे जायचं हे मुळात कळत नाही. ज्या डीएनएवर काम करायचं तो केंद्रकात बंद, आणि कात्री बाहेर. म्हणून माणसाच्या पेशींत वापरायच्या कॅस९ला शास्त्रज्ञ एक छोटी शेपटी जोडतात. ही शेपटी म्हणजे ‘केंद्रकात जा’ असा पत्ता.

हा पत्ता कोणाला आणि कसा सापडला? असे बाकीचे पत्ते कुठे लिहून ठेवलेत? आणि ती वही सध्या अडचणीत का आहे?

पेशीतलं टपाल खातं

माणसाच्या शरीरात प्रथिनांच्या पाककृती सांगणारी सुमारे २० हजार जनुकं आहेत. त्यांतली जवळपास सगळी प्रथिनं पेशीतल्या रायबोसोम नावाच्या यंत्रांवर, केंद्रकाच्या बाहेर तयार होतात. पण त्यांची कामाची ठिकाणं वेगवेगळी असतात. कोणाला केंद्रकात जायचं असतं, कोणाला ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात, कोणाला थेट पेशीबाहेर. इन्सुलिन हे पेशीबाहेर जाणाऱ्यांपैकी एक.

हे सगळे आपापल्या जागी पोहोचतात कसे, या प्रश्नाचं उत्तर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या गुंटर ब्लोबेल यांनी दिलं. १९७१ मध्ये त्यांनी डेव्हिड साबातिनी यांच्यासोबत एक कल्पना मांडली आणि १९७५ मध्ये बर्नहार्ड डोबरस्टाइन यांच्यासोबत प्रयोगांनी तिला आधार दिला. कल्पना अशी: प्रत्येक प्रथिनाचा पत्ता त्याच्याच अंगावर लिहिलेला असतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्या माळेतले काही मणी फक्त ‘मला कुठे न्यायचं’ हे सांगण्यासाठी असतात, आणि अनेकदा मुक्कामी पोहोचल्यावर किंवा वाटेतच ते कापून टाकले जातात.

इन्सुलिनचंच घ्या. ते तयार होतं तेव्हा ११० अमिनो आम्लांचं असतं. पहिली २४ ही निव्वळ पत्त्याची. पत्ता वाचून झाला की ती तुटतात. मधुमेही रुग्ण टोचून घेतात त्या इन्सुलिनमध्ये ती नसतात. पण या २४ मध्ये चुकीच्या जागी एक अक्षर जरी बदललं, तर काही बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह होतो, हे आता माहीत आहे.

ब्लोबेल यांना १९९९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुरस्काराची रक्कम त्यांनी दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या ड्रेस्डेन शहरातलं चर्च आणि सिनेगॉग पुन्हा उभं करायला दिली.

नोबेल समितीनं हा शोध समजावताना पिनकोडचीच उपमा वापरली होती. योगायोग असा की, भारतात पिनकोड आला तोही याच काळात, १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृतचे जाणकार होते.

उपमा चांगली आहे, पण एका ठिकाणी ती फसते. पिनकोड ठरलेला असतो. पुण्याच्या शिवाजीनगरचा कोड आज एक आणि उद्या दुसरा, असं होत नाही. पेशीतले पत्ते मात्र गावाकडच्या पत्त्यांसारखे असतात. ‘पारासमोर, देशमुखांच्या वाड्यामागे’ असं कोणी लिहितं, तर कोणी त्याच घरासाठी ‘मारुतीच्या देवळाशेजारी’ लिहितं. पोस्टमनला दोन्ही कळतात, कारण तो अक्षरांवर नाही तर खुणांवर चालतो. पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनांच्या पत्त्यात अक्षरं जवळजवळ कोणतीही चालतात, फक्त मधला भाग पाण्यापासून लांब राहणारा, तेलकट स्वभावाचा हवा. केंद्रकाच्या पत्त्यात धन विद्युतभार असलेली अमिनो आम्लं दाटीनं लागतात. पण अशी दाटी असलेलं प्रत्येक प्रथिन केंद्रकात जातंच, असं नाही.

म्हणजे एक सूत्र पाठ करून काम भागत नाही. कुठे कोणता पत्ता खरंच चालतो याची यादी करावी लागते. या याद्या म्हणजेच हे डेटाबेस.

काजव्याची तीन अक्षरं आणि मुलांच्या किडनीतले खडे

यादीतल्या काही नोंदींच्या कहाण्या मजेशीर आहेत. जून महिन्यात भंडारदऱ्याला काजवे पाहायला गर्दी होते. काजव्याला प्रकाश देणारं ल्युसिफरेज हे प्रथिन पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या छोट्या पिशवीत असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या प्रयोगशाळेत भारतीय वंशाचे सुरेश सुब्रमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे प्रथिन सस्तन प्राण्यांच्या पेशीत घातलं. तिथेही ते थेट पेरॉक्सिझोममध्येच गेलं. काजवा आणि सस्तन प्राणी यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर, तरी पत्ता तोच! शोधता शोधता हा पत्ता प्रथिनाच्या अगदी शेवटच्या तीन अमिनो आम्लांत सापडला: सेरिन, लायसिन, ल्युसिन.

पत्ता चुकला की काय होतं, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरणही याच पिशवीशी जोडलेलं आहे. ‘प्रायमरी हायपरऑक्झॅल्युरिया’ हा एक दुर्मिळ आजार आहे. यात लहान वयातच किडनीत पुन्हा पुन्हा खडे होतात आणि अनेकांच्या किडन्या निकामी होतात. कारण यकृतातलं एक प्रथिन पेरॉक्सिझोममधलं आपलं काम करत नाही आणि ऑक्झॅलेट साचत जातं.

ब्रिटिश संशोधक ख्रिस डॅनप्युअर यांच्या गटाला तपासात एक विचित्र गोष्ट दिसली. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या यकृतात हे प्रथिन होतं आणि ते कामही करू शकत होतं. पण ते पेरॉक्सिझोमऐवजी मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसलं होतं. झालं होतं असं की, ११ व्या जागी एक अमिनो आम्ल बदलल्यामुळे ‘मायटोकॉन्ड्रियात जा’ असा एक पुसट पत्ता तयार झाला होता. हा बदल अनेक निरोगी लोकांतही असतो आणि एकटा असताना फारसं काही बिघडवत नाही. पण सोबत १७० व्या जागीही एक बदल असेल, तर प्रथिनाची घडी बसायला उशीर होतो, तेवढ्यात पुसट पत्ता वाचला जातो आणि ९० टक्के माल भलत्याच घरी पोहोचतो.

डॉक्टरांकडे रुग्णाचा जनुकीय अहवाल येतो तेव्हा त्यात फक्त ‘या जागी हे अक्षर बदललं’ एवढंच असतं. तो बदल निरुपद्रवी की जीवघेणा, हे ठरवायला आधी कोणीतरी ‘इथे पत्ता असतो’ असं नोंदवून ठेवलेलं लागतं.

वहीत नोंद कशी होते?

आता कात्रीच्या शेपटीकडे परत येऊ. केंद्रकाचा सर्वांत प्रसिद्ध पत्ता माकडांमधल्या ‘एसव्ही४०’ या विषाणूकडून आला. १९८४ मध्ये लंडनमधल्या एका गटानं दाखवलं की, या विषाणूच्या एका प्रथिनातली सात अमिनो आम्लं (प्रोलिन, तीन लायसिन, आर्जिनिन, पुन्हा लायसिन, व्हॅलिन) त्याला केंद्रकात नेतात. त्यांतलं १२८ व्या जागेवरचं एक लायसिन बदललं, तर प्रथिन केंद्रकाबाहेरच थांबतं. जनुक-संपादनाच्या प्रयोगांत ही सात अक्षरं आजही सर्रास वापरली जातात.

यातली पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे, कारण वहीतल्या नोंदीचं मोल तिच्यावर ठरतं. प्रयोग दोन बाजूंनी करावा लागतो. आधी संशयित पत्ता काढून टाकायचा आणि प्रथिन वाट चुकतं का ते पाहायचं. मग तोच तुकडा भलत्याच प्रथिनाला, उदाहरणार्थ जेलीफिशकडून मिळालेल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाला जोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती चमक केंद्रकात जाते का ते पाहायचं. पहिल्यावरून कळतं की पत्ता गरजेचा आहे. दुसऱ्यावरून कळतं की तो एकटा पुरेसा आहे. दोन्ही होईपर्यंत ती फक्त शंका असते.

असे प्रयोग जगभर विखुरलेल्या शोधनिबंधांत पडून असतात. कोणीतरी बसून ते वाचतं, आकृत्या तपासतं आणि एकेक नोंद करतं. या कामाला ‘बायोक्युरेशन’ म्हणतात. ग्रंथपाल, संपादक आणि जीवशास्त्रज्ञ यांच्या मधलं काहीतरी काम आहे हे. यात ना पेटंट मिळतं, ना मथळा.

‘एनएलएसडीबी’ हा केंद्रकाच्या पत्त्यांचा डेटाबेस याचं चांगलं उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या बुर्कहार्ड रोस्ट यांच्या गटानं तो केला, २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तेव्हा निबंध चाळून मिळालेले, प्रयोगानं सिद्ध झालेले पत्ते होते फक्त ११४. संगणकावर त्यांतली अक्षरं थोडी थोडी बदलून आणखी शक्य पत्ते शोधण्यात आले आणि यादी ३०८ वर गेली. त्यानंतरचं मोठं अद्ययावतीकरण प्रसिद्ध व्हायला २०१८ उजाडलं. तोपर्यंत रोस्ट म्युनिकला गेले होते. नव्या यादीत २,२५३ पत्ते होते, शिवाय केंद्रकातून बाहेर पडण्याचे ३९८.

आकडा मोठा दिसतो. पण २,२५३ नोंदी म्हणजे २,२५३ प्रयोग नव्हेत. यातले बहुतेक पत्ते मूळच्या सिद्ध पत्त्यांपासून संगणकानं वाढवलेले आहेत. एक कडक अट मात्र पाळली गेली: केंद्रकाबाहेर राहणाऱ्या १८,२७८ प्रथिनांपैकी एकालाही तो पत्ता लागू पडता कामा नये. ही चाळणी लावल्यावर, केंद्रकात जातात हे प्रयोगानं माहीत असलेल्या ८,४२१ प्रथिनांपैकी ३५ टक्क्यांना यादीतला एखादा पत्ता जुळला. आधीच्या यादीत हे प्रमाण २१ टक्के होतं.

उलट बाजूनं पाहिलं तर जवळपास दोन तृतीयांश प्रथिनं केंद्रकात जातात हे पक्कं माहीत आहे, पण त्यांचा पत्ता या वहीत नाही. काहींचे पत्ते अजून सापडायचे असतील, काही दुसऱ्याच्या पाठीवर बसून आत जात असतील. अवघ्या शास्त्राची सद्यस्थिती या एका टक्केवारीत दिसते.

बाहेर पडण्याचे पत्तेही तेवढेच कामाचे आहेत. कर्करोगाच्या काही पेशी संरक्षक प्रथिनांना केंद्रकातून हाकलून देतात. ते बाहेरचं दार अडवणारं सेलिनेक्सॉर हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मल्टिपल मायलोमासाठी मंजूर झालं.

एआय आहे ना, मग वही कशाला?

हा प्रश्न कोणीही विचारेल. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ‘अल्फाफोल्ड’ घडवणाऱ्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना (आणि प्रथिनं नव्यानं रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांना) मिळालं. आज २० कोटींहून जास्त प्रथिनांचे अंदाजित आकार कोणालाही फुकट पाहता येतात.

पण आकार कळला म्हणून पत्ता कळत नाही. शिवाय अल्फाफोल्ड शिकलं ते १९७१ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून जमवलेल्या ‘प्रोटीन डेटा बँक’वर. पत्त्यांचंही तसंच आहे. डेन्मार्कमधलं ‘सिग्नलपी’ हे साधन १९९० च्या दशकापासून पत्ता ओळखण्याचं काम करतं. त्याची २०२२ मधली सहावी आवृत्ती चॅटबॉटमागच्या तंत्राशी नातं सांगणारी भाषा-प्रतिमानं वापरते आणि पत्त्याचे पाच प्रकार ओळखते. त्यांतल्या सर्वांत दुर्मिळ प्रकाराची शिकण्यासाठी मिळालेली उदाहरणं मात्र जेमतेम काही डझन. यंत्र कितीही हुशार असलं, तरी त्या काही डझन नोंदी कोणीतरी आधी हातानं केल्या म्हणूनच ते शिकू शकलं.

इथे एक धोका आहे आणि तो वरून दिसत नाही. युनिप्रॉट हा प्रथिनांचा जगातला सर्वांत मोठा संदर्भकोश. त्याचे दोन भाग आहेत. एकात माणसांनी तपासलेल्या सुमारे पावणेसहा लाख नोंदी. दुसऱ्यात यंत्रानं भरलेल्या कोट्यवधी. यंत्रानं भरलेल्या भागात ‘इथे पत्ता आहे’ असं लिहिण्यासाठी सिग्नलपीसारखीच साधनं वापरली जातात. आता उद्या कोणी नवं साधन बनवताना या कोट्यवधी नोंदी पुरावा समजून शिकवायला घेतल्या, तर ते साधन निसर्गाकडून नाही, तर जुन्या साधनाच्या अंदाजाकडून शिकेल. व्हॉट्सॲपवर एकच मेसेज दहा ग्रुपमधून आला म्हणून तो खरा वाटू लागतो, त्यातलाच हा प्रकार.

युनिप्रॉट प्रत्येक नोंदीसोबत ती प्रयोगावर उभी आहे की अंदाजावर, याची खूण ठेवतं. सगळा भरवसा त्या खुणेवर आहे, आणि ती खूण लावायला माणूस लागतो.

स्वीडनच्या ‘ह्यूमन प्रोटीन ॲटलस’नं दुसरी वाट धरली. पत्ता वाचण्याऐवजी प्रथिन खरंच कुठे आहे ते रंगवून पाहायचं. २०१७ मध्ये त्यांनी १२,००३ मानवी प्रथिनांचा पेशीतला नकाशा दिला. त्यात जवळपास निम्मी प्रथिनं एकापेक्षा जास्त ठिकाणी आढळली. म्हणजे एका प्रथिनाचा एकच पत्ता, ही समजूतही पूर्ण खरी नाही. या प्रकल्पामागे वॉलेनबर्ग या श्रीमंत स्वीडिश कुटुंबाच्या प्रतिष्ठानाचा पैसा आहे. सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं.

पैसा कोण देतं?

युनिप्रॉटचा गाभा असलेला ‘स्विस-प्रॉट’ १९८६ मध्ये जिनिव्हात अमोस बायरोक या तरुण संशोधकानं सुरू केला. दहा वर्षांत जगभर त्याचा वापर होऊ लागला आणि १९९६ मध्ये पैसे संपले. बायरोक यांनी इंटरनेटवर जाहीर केलं की, डेटाबेस बंद करावा लागेल. जगभरातून निषेधाच्या आणि पाठिंब्याच्या पत्रांचा पाऊस पडला, स्विस सरकार जागं झालं आणि १९९८ मध्ये ‘स्विस इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स’ ही कायमची संस्था उभी राहिली.

प्रत्येकाच्या वाट्याला असं सरकार येत नाही. १९९७ च्या यादीतल्या ३२६ जैविक डेटाबेसचं १८ वर्षांनी काय झालं, हे २०१५ मध्ये एका अभ्यासानं तपासलं. सुमारे ६२ टक्के मेले होते. आणखी काही नुसते साठवून ठेवलेले होते, नवी भर बंद. नियमित चालू होते जेमतेम एक चतुर्थांश.

अगदी ताजं उदाहरण ‘फ्लायबेस’चं. फळमाशीच्या जनुकांची ही माहितीपेढी १९९२ पासून चालते. प्रथिनांच्या जागांची नोंद एकाच ठरलेल्या शब्दांत करण्याची ‘जीन ऑन्टॉलॉजी’ ही जगभर वापरली जाणारी पद्धत १९९८ मध्ये तीन डेटाबेसनी मिळून सुरू केली, त्यांतला एक फ्लायबेस. मे २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनानं हार्वर्ड विद्यापीठाची संशोधन अनुदानं रद्द केली. त्यात फ्लायबेसचा पैसाही गेला, कारण तो हार्वर्डमार्फत येत होता. वादाचा या डेटाबेसशी काहीही संबंध नव्हता. कर्मचारी कमी करावे लागले आणि जगभरच्या प्रयोगशाळांकडे देणग्या मागाव्या लागल्या.

याआधी ‘टेअर’ या वनस्पतींच्या डेटाबेसवर हीच वेळ आली होती. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारी अनुदान थांबलं आणि त्याला वर्गणीचा मार्ग धरावा लागला. तो त्यामुळे जगला. पण वर्गणी म्हटली की ज्याला परवडते तोच पूर्ण वापरणार, आणि गरीब विद्यापीठातला विद्यार्थी मागे राहणार.

असं का होतं? संशोधनाला पैसा देणाऱ्या बहुतेक यंत्रणा तीन ते पाच वर्षांसाठी आणि ‘नवीन काय’ हे पाहून देतात. डेटाबेस चालू ठेवणं हे नवीन काम नाही. ते रस्त्याच्या डागडुजीसारखं आहे. उद्घाटनाला सगळे येतात, खड्डे बुजवायला निधी नसतो. शिवाय वापर सगळ्या जगाचा आणि खर्च दोन-चार देशांचा, असा हा मामला आहे. अशा पायाभूत डेटाबेसची निश्चित यादी करून त्यांचा खर्च देशांनी वाटून घ्यावा, यासाठी ‘ग्लोबल बायोडेटा कोअलिशन’ प्रयत्न करते. २०२२ मध्ये तिनं अशा ३७ डेटाबेसची पहिली यादी काढली. यादी झाली, पण कायमस्वरूपी पैशाचा प्रश्न सुटलेला नाही. आणि एनएलएसडीबीसारख्या एका गटाच्या जिवावर चालणाऱ्या छोट्या वह्यांची अवस्था तर याहून नाजूक.

यात भारत कुठे आहे?

वापरणाऱ्यांत भारत मोठा आहे. साधनं बनवण्यातही मागे नाही. जी. पी. एस. राघव यांच्या गटानं चंदीगडच्या इमटेकमध्ये असताना प्रथिनाची पेशीतली जागा ओळखणारी अनेक साधनं केली. ‘ईएसएलप्रेड’ २००४ मधलं. क्षयाच्या जीवाणूसाठीही त्यांनी वेगळं साधन बनवलं आणि ही साधनं सर्वांसाठी खुली ठेवली. पुणे विद्यापीठाचं जैवमाहितीशास्त्र केंद्र १९८० च्या दशकातलं, म्हणजे हा विषय बहुतेकांना ऐकूनही माहीत नव्हता तेव्हाचं. तिथून २००४ मध्ये विषाणूंच्या जनुकसंचांचा ‘व्हिरजेन’ हा डेटाबेस आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता.

पण आपल्या आजारांची मूळ माहिती अजूनही बरीचशी बाहेरच्या वह्यांत आहे. मलेरियाचं पाहा. महाराष्ट्रात गडचिरोली मलेरियाचा मोठा भार सोसतो. मलेरियाचा परजीवी आपल्या लाल रक्तपेशीत शिरल्यावर शेकडो प्रथिनं त्या पेशीत पाठवून तिचा ताबा घेतो. ही प्रथिनं बाहेर धाडण्याचा पत्ता २००४ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी शोधला. त्याला ‘पेक्सेल’ म्हणतात. पाच जागांचा हा पत्ता: आर्जिनिन, मग कोणतंही एक, मग ल्युसिन, पुन्हा कोणतंही एक आणि शेवटी ठरावीक तिघांपैकी एक. तो कापणारी परजीवीची कात्री, ‘प्लाझमेप्सिन ५’, आता औषधाचं लक्ष्य म्हणून अभ्यासली जाते.

मलेरियाच्या कोणत्या प्रथिनात हा पत्ता आहे हे शोधायला संशोधक ‘प्लाझमोडीबी’ उघडतात. ती ज्या मोठ्या अमेरिकी प्रकल्पाचा भाग आहे, त्याचं सरकारी कंत्राट २०२४ मध्ये संपलं आणि नव्या आर्थिक आधाराची शोधाशोध करावी लागली. ज्या देशांत हा आजार आहे, त्यांच्या हातात या निर्णयातलं काहीच नव्हतं.

भारतानं २०२२ मध्ये फरीदाबादला ‘इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर’ सुरू केलं. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची जैविक माहिती देशात साठवली जावी आणि इतरांना मिळावी, यासाठी २०२१ मध्ये ‘बायोटेक-प्राइड’ ही मार्गदर्शक तत्त्वं आली होती. १० हजार भारतीयांच्या जनुकसंचांचा ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाचा डेटा याच केंद्रात आहे. सुरुवात चांगली आहे, मोठीही आहे.

मात्र साठवणं आणि नोंद घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. साठवायला सर्व्हर लागतात आणि ते एका निविदेत घेता येतात. नोंद घ्यायला निबंध वाचणारी, प्रयोग खरा की लंगडा हे ओळखणारी, वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर बसणारी माणसं लागतात. त्यांना कायमचा पगार लागतो आणि त्या कामावर बढती मिळण्याची सोय लागते. आपल्या विद्यापीठांत बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. दुसऱ्यांचे पाचशे निबंध वाचून केलेल्या शंभर अचूक नोंदींना तिथे स्वतंत्र रकाना नसतो.

‘बिरसा १०१’ सर्वसामान्य रुग्णापर्यंत पोहोचायला अजून वेळ आहे. चाचण्या, परवानग्या, उत्पादन हे टप्पे आहेत आणि उपचारानंतरही रुग्णांवर अनेक वर्षं लक्ष ठेवावं लागतं. कात्रीनं भलतीकडे काप घेतला का, कापलेल्या जागी कोणत्या प्रथिनाचं काय बिघडलं, हे तपासताना डॉक्टर आणि संशोधक याच डेटाबेसमध्ये शोध घेतील. त्यांतल्या अनेकांचं सध्याचं अनुदान त्याच्या आधीच संपणार आहे.